तापाच्या आधीचे दिवस

"हा ताप तुमच्या अंगात दहा-पंधरा दिवस आधीपासूनच मुरत असणार," डॉक्टर म्हणाले, आणि खाटेच्या पायथ्याशी टांगलेला तापाचा तक्ता पुन्हा खिळ्याला अडकवून पुढच्या खाटेकडे निघून गेले. बस्स. दोन खाटांमधून जाता जाता टाकलेलं वाक्य. आभाळ भरून आलंय म्हणावं तसं. त्यांना काय माहीत की त्या एका वाक्यानं त्यांनी एका बुडत्या माणसाला पाण्यातून काखेत धरून वर काढलं होतं! तो उशीवर पडल्या पडल्याच बोटं मोजायला लागला. इस्पितळात येऊन बावीस दिवस. आणि इथं यायच्या आधी तीन दिवस ते धुकं, ती तार. म्हणजे तीनच दिवस! दहाच्या आत, पंधराच्या तर कितीतरी आत. म्हणजे त्या सकाळी ताप अंगात होताच. म्हणजे ती हाक... म्हणजे हाक नव्हतीच. तापात माणसाला काय वाट्टेल ते ऐकू येतं. त्याला एकदम इतकं हलकं वाटलं की घोंगडी पांघरली नसती तर आपण तंबूच्या छताला जाऊन चिकटू असं त्याला वाटलं, आणि लगेच दुसऱ्या क्षणी आपल्याला हलकं वाटतंय याचीच त्याला शिसारी आली.

तक्ता त्याला पडल्या जागेवरून दिसत होता. शाळेतल्या आलेख-वहीसारखा चौकड्या-चौकड्यांचा कागद, त्यावर तांबडी रेघ: वर चढलेली, खाली घसरलेली, पुन्हा वर, आणि शेवटचे पाच दिवस कशी शहाण्या मुलीसारखी सरळ. पण रेघ सुरू होत होती दाखल झाल्याच्या दिवसापासून. त्याच्या अलीकडे समासाची कोरी पट्टी. तो आता त्या कोऱ्या पट्टीत मनातल्या मनात ठिपके मारत होता. आदल्या दिवशी शंभर. त्याच्या आदल्या दिवशी शंभराला दोन रेघा कमी. तारेच्या दिवशी... तारेच्या दिवशी किती द्यावेत? त्यानं एकशे दोन दिले. मग भीती वाटून एकशे तीन केले. पेपर स्वतःच लिहायचा, स्वतःच तपासायचा आणि स्वतःलाच पास करायचं, असला मामला.

"काय रे, छताकडे बघून हसतोस कुणाला?" शेजारच्या खाटेवरून आचारी म्हणाला. हा पलटणीतला आचारी काविळीनं असा पिवळाधमक झाला होता की त्याच्याच बोलण्यात सांगायचं तर त्याला कुणी पातेल्यात टाकलं असतं तर वेगळी हळद लागली नसती. दिवसभर त्याच्या तोंडाचा पट्टा चालू. सगळ्या वॉर्डाला त्याचा त्रास होता, आणि तो तपासणीला गेला की सगळ्या वॉर्डाला करमत नव्हतं.

"हसत नाहीये," तो म्हणाला.

"हस की! काय जातंय? तापात तर सारखा बडबडायचास. 'मेहुणे, अहो मेहुणे' चालू होतं. मी सिस्टरला म्हटलं, ह्याचं कुठं लग्न ठरलंय का बघा, बिचारा वऱ्हाडाला हाका मारतोय."

बडबडलो, ते समजण्यासारखं होतं. पण तो स्वतः कधी कुणाला मेहुणे म्हणत नव्हता. मेहुणे त्याला म्हणत, ते दाजी. त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. म्हणजे तापात तो स्वतःच्या तोंडानं दाजींची हाक मारत होता, स्वतःलाच.

दाजी त्याच्याहून बारा वर्षांनी मोठे. शहराच्या टेलिफोन खात्यात ते जुने लाइनमन, आणि ताईचं लग्न झाल्यावर वर्षाच्या आत त्यांनी ह्याला खात्यात चिकटवलं. मिसरूड फुटलेल्या पोराला ते पहिल्या दिवसापासून "अहो मेहुणे" म्हणत. चारचौघांत, मोठ्या अदबीनं, आणि डोळ्यांत ही मिश्किली! खांबावर चढायला त्यांनीच शिकवलं. "मेहुणे, खाली बघू नका. खाली फक्त तुमची ताई उभी आहे, आणि तुम्ही पडलात तर ती मला जेवायला घालायची नाही." तो वर थरथरत असायचा आणि खालून हे असलं ऐकून हसायचा, आणि हसता हसता खांबाचं टोक हाती लागायचं. दाजींच्या गाठी खात्यात प्रसिद्ध. दाजींनी जोडलेली तार पुन्हा कधी तुटलीच तर जोडावर तुटायची नाही, दुसरीकडे तुटेल. लढाई लागली तेव्हा लाइनमन म्हणून दोघांना एकाच दिवशी उचललं, एकाच तुकडीत टाकलं. ताईनं रडता रडता म्हटलं होतं, "बरं झालं बाई, दोघं एका ठिकाणी आहात." त्या वाक्यातलं 'बरं झालं' त्याला तेव्हासुद्धा ऐकवलं नव्हतं.

तिथलं काम तेच, शहरातलंच, फक्त खांब नव्हते. तार जमिनीवरून गेलेली. शेतांतून, नाल्यातून, कुंपणांखालून. मागच्या ठाण्यापासून पुढच्या चौकीपर्यंत. ती तुटली की चौकी मुकी. मग दोन लाइनमन दोन टोकांकडून निघत. तार मुठीत धरायची आणि ती मुठीतून सरकवत सरकवत चालायचं, धुकं असो की अंधार, मूठ सोडायची नाही. मध्ये कुठं तरी तुटलेलं टोक हाताला लागतं, समोरून दुसरा आलेला असतो. एकानं ताण धरायचा, दुसऱ्यानं पीळ मारायचा. एकट्यानं जमतच नाही. आणि वाटेत थांबून हातातला फोन तारेला लावून तपासायचं, आणि इथवर लाइन चांगली निघाली तर तारेला आपल्या नंबराची पांढरी फीत बांधायची. फीत म्हणजे निरोप: 'मी इथवर आलो, आता पुढे गेलोय.' मागे फिरायची वेळ आलीच तर आधी आपली फीत सोडायची, मग फिरायचं. नाही तर समोरून येणारा फसतो. इतका साधा नियम की तो कुणी कागदावर लिहिलासुद्धा नव्हता.

त्या सकाळी तो मागून निघाला होता आणि दाजी पुढच्या चौकीकडून. दूध सांडल्यासारखं धुकं. बीटाच्या शेताच्या कडेला गुरांना पाणी पाजायची एक सिमेंटची टाकी होती. तिथं त्यानं फोन लावला; मागचं ठाणं खणखणीत बोललं. त्यानं फीत बांधली. दोन वेढे, गाठ, शेपूट डावीकडे, दाजींच्या पद्धतीनं. पुढे गेला. पंधरा पावलं, फार तर वीस. आणि मग समोर कुठं तरी जमीन उडाली, आवाज नंतर आला, आणि तोंडात मातीची चव. काही लागलं नाही. एक ओरखडासुद्धा नाही! नुसती मूठ उघडली. त्यानं उघडली की उघडली गेली, इथं त्याचा विचार रोज येऊन थांबत होता आणि रोज नव्यानं पाय घसरून पडत होता. तार हातातून गेली, तो वळला, टाकीपाशी आला, फितीच्या अगदी शेजारून गेला, आणि रस्त्याखालच्या मोरीच्या नळकांड्यात जाऊन गुडघे छातीशी घेऊन बसला. दोन तास. आणि त्या दोन तासांत केव्हा तरी, धुक्यातून, लांबून, कुणी तरी ओरडलं, "मेहुणे! अहो मेहुणे!"

एकदा नाही. पाच-सहा वेळा. कधी डावीकडून, कधी लांबून, मग पुन्हा जवळ. आणि मग नाही.

ठाण्यावर परत आल्यावर त्यानं हवालदाराला सांगितलं, "लाइन मिळाली नाही. अंगात कणकण आहे." कणकण नव्हती. पहिलं तोंडात आलं ते बोलला, शाळेत गृहपाठ नसला की पोट दुखतं तसं. आणि गंमत बघा, तिसऱ्या दिवशी खरंच ताप भरला, असा भरला की त्याला झोळीत घालून आणावं लागलं. बोललेलं खोटं त्याला शोधत शोधत येऊन अंगात शिरलं होतं. पण आता डॉक्टर म्हणत होते की ते खोटं नव्हतंच! कणकण असणारच होती. तुलाच कळली नाही. तू नकळत खरंच बोललास, बाबा.

दुपारी सिस्टर आली. उंच, घाईची, बोलताना दुसऱ्याच खाटेकडे बघणारी. त्यानं विचारलं, "सिस्टर, ह्या तापात सुरुवातीला कानात आवाज येतात का हो?"

"कसले आवाज?"

"माणसाचे."

"सुरुवातीला डोकं दुखतं, भूक जाते. आवाज नंतर, ताप डोक्यात गेल्यावर." तिनं नाडी सोडली. "भूक कशी होती तेव्हा?"

त्याला मोरीतून बाहेर आल्यावर ठाण्यावर खाल्लेला ब्रेड आठवला. चार जाड काप. लाजेनं मान खाली घालून, पण चारही खाल्ले होते, वर हवालदाराचा उरलेला अर्धाही. "नव्हती भूक," तो म्हणाला. सिस्टर पुढे गेली. खोटं बोलायला आता तापही लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी टपाल आलं. ताईचं पत्र. तिचं अक्षर उजवीकडे कलंडलेलं, वाऱ्यात धावल्यासारखं. 'तुझा ताप उतरला हे कळलं, जीव भांड्यात पडला. ह्यांचं पत्र महिनाभर नाही. तू आजारी, म्हणून ते तुझ्या वाटचंही काम करत असतील, मला माहीत आहे त्यांचा स्वभाव. त्यांच्या कानाला वारा बाधतो, टोपी घाला म्हणून सांग, माझं ऐकत नाहीत, मेहुण्याचं ऐकतील.' इथवर ताई ताईच होती. मग शाई बदललेली. 'कालपासून मन थाऱ्यावर नाही. ऑफिसातून दोघं आले होते. तिकडे पलीकडे ह्यांच्या ओळखीचं कुणी आहे का विचारत होते. पलीकडे म्हणजे कुठं, मी विचारलं, तर एकमेकांकडे बघितलं. आज छोटी शाळेतून आली ती दप्तर न काढताच विचारते, आई, बाबा पळून गेले म्हणजे कुठं गेले? मी तिला मारलं. पहिल्यांदा मारलं रे. तू त्यांच्याजवळ होतास. दोन ओळी लिही. तू लिहिलंस की मी कुणालाही तोंड देईन.'

त्यानं पत्र घडी घालून उशीखाली ठेवलं. मग उशी त्याला टोचायला लागली, म्हणून काढून घोंगडीखाली ठेवलं; मग पोटाशी. छोटी त्याच्या खांद्यावर बसून दिव्याच्या खांबांना नंबर द्यायची, सातच्या पुढे नेहमी नऊ. आठाला तिनं का वाळीत टाकलं होतं कुणास ठाऊक. पळून गेले! दाजी! ज्यांनी उभ्या आयुष्यात अर्धवट पीळ मारून खांबावरून पाय उतरवला नाही ते. त्याला संताप आला आणि क्षणभर बरंही वाटलं, कारण रागावताना माणूस बरोबर असतो. मग राग ओसरला आणि खाली तीच मोरी होती.

जेवणानंतर कारकून आला. पलटणीच्या कचेरीतला, पडशानं नाक लाल झालेला, काखेत फायलींचा गठ्ठा. आचाऱ्याच्या खाटेवरच बसला. आचारी म्हणाला, "बसा साहेब, माझ्या पायांवर बसा, पाय काय, आणखी उगवतील."

"कसा आहेस रे?" कारकून त्याला म्हणाला. मायेनं म्हणाला. "हाडं दिसायला लागली की तुझी. हे बघ, घाबरायचं काही नाही. तुझ्या जोडीदाराचा कागद पुरा करायचाय. तुझे नातेवाईक ना ते?"

"माझे दाजी."

"हं. अवघड आहे." कारकुनानं नाक पुसलं. "त्या दिवशी बाजूच्या चौकीच्या पहारेकऱ्यानं त्यांना पाहिलं. धुकं जरा विरळ झालं होतं. तार सोडून, रिकाम्या हातानं, बीटाच्या शेतात फिरत होते. वाकून वाकून. आणि हाका मारत होते."

"हाका?"

"हो. काय ते त्याला ऐकू आलं नाही, लांब होतं. पण तोंडाशी हात धरून हाका मारत होते, एवढं नक्की. पलीकडच्यांना बोलवत असणार. मग धुकं आलं, नंतर माणूस नाही. साहेबांचं म्हणणं, जाऊन मिळाले. म्हटलं, तुला काही ठाऊक असलं तर लिहून घ्यावं. नसलं तरी अडत नाही."

वॉर्डात कुणी तरी खोकत होतं. म्हणजे धुक्यात खरंच ऐकू आलं होतं. कानात आलं नव्हतं, कानांवर आलं होतं. दोन माणसांनी, एकानं डोळ्यांनी आणि एकानं कानांनी, एकच हाक पाहिली होती. तक्त्याच्या कोऱ्या पट्टीत त्यानं मारलेले सगळे ठिपके एकेक करून विझले. आणि बाकीचंही त्याला आता लख्ख दिसलं, न पाहिलेलं. दाजी तार मुठीत धरून येतात, तुटलेल्या टोकाशी थांबतात, वाट बघतात. कुणी येत नाही. पलीकडचं टोक शोधतात, ते धरून पुढे येतात, टाकीपाशी येतात आणि फीत दिसते. ह्याचा नंबर. 'मी इथवर आलो, आता पुढे गेलोय.' पुढे गेलाय? पण पुढून तर दाजीच आले होते, आणि वाटेत कुणी भेटलं नाही. म्हणजे पोरगा ही फीत आणि ते तुटलेलं टोक ह्यांच्या मध्ये कुठं तरी पडलाय. मग कसली तार आणि कसली चौकी! मूठ त्यांनीही सोडली. बायकोचा भाऊ शोधायला सोडली.

"ते मला हाका मारत होते," तो म्हणाला.

"अं?"

"मला शोधत होते. मी फीत बांधली आणि फिरलो मागे. न सोडता. मोरीत बसलो होतो. मला ऐकू येत होतं."

कारकुनानं पेन्सिल खाली ठेवली आणि त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. "असं मनाला लावून घेऊ नकोस. आपला माणूस म्हटल्यावर जीव तुटतो, कळतं मला. पण तुझ्या कागदावर डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलंय, आजार आधीपासूनचा. त्या दिवसांतलं तुझं बोलणं धरताच येत नाही. तापात माणसाला काहीही दिसतं, ऐकू येतं."

"मला ताप नव्हता."

"हे तू आता म्हणतोस."

काय म्हणावं! काल याच वाक्यासाठी तो कुणाचेही पाय धरायला तयार होता, आणि आज तेच वाक्य छातीवर बसून उठत नव्हतं. दार सताड उघडं होतं. नुसतं गप्प बसायचं. आचारी पहिल्यांदाच काही बोलत नव्हता. पिवळे डोळे करून त्याच्याकडे बघत होता, आणि त्या डोळ्यांत 'गप बस की, येड्या' असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

"साहेब, ती जागा कुणाकडे आहे आता?"

"आपल्याकडेच. का?"

"बीटाच्या शेताला सिमेंटची टाकी आहे. टाकीपासून मागच्या बाजूला दीड हातावर तारेला फीत असेल. त्यावर माझा नंबर. दोन वेढे, वर गाठ, शेपूट डावीकडे. फोन करून बघायला सांगा. एकशे तीन ताप असलेल्या माणसाचे हात कापतात, त्याला सुईत दोरा ओवता येत नाही. गाठ बघा म्हणावं. मग ठरवा ताप होता का."

कारकून गठ्ठा उचलून कचेरीच्या तंबूकडे गेला. आचाऱ्यानं पाय सरळ केले. "तू स्वतःच्या गळ्याला स्वतःच माप देतोयस, कळतंय का तुला?" तो हळू म्हणाला. "तुझे दाजी आता परत येणार आहेत का त्यानं?"

"नाही."

"मग?"

"छोटी शाळेत जाते," तो म्हणाला. एवढंच सुचलं.

तासाभरानं कारकून परत आला. या वेळी बसला नाही. "सापडली," तो म्हणाला. "तिकडचा माणूस म्हणतो, गाठ इतकी नीट आहे की सुटत नाही, कापून आणू का." मग त्यानं फाइल उघडली, आणि त्याचा आवाज इस्त्री केल्यासारखा झाला. "तुम्ही सांगितलं ते मी लिहून घेतलंय. वाचून खाली सही करा. उद्या सकाळी दहाला तुम्हाला घ्यायला दोघे येतील. तुम्हाला चालता येतंय ना?"

तुम्ही. मघाचा 'अरे' कुठं गेला, दिसलासुद्धा नाही. त्यानं सही केली. "आणि दाजींचं?"

"कामावर असताना बेपत्ता. शेरा बदलेल. तुमच्या बहिणीला छापील पत्र जाईल."

"त्यात माझं असेल?"

"नाही. छापील पत्रात फक्त बेपत्ता माणसाचं असतं." कारकून थोडा घुटमळला. "बाकीचं त्यांना कळायचं कारण नाही." आणि नाक पुसत गेला.

समोरच्या खाटेवरच्या ज्या माणसानं रोज त्याला आपलं अर्धं सफरचंद दिलं होतं, त्यानं कूस बदलून तोंड तंबूच्या कापडाकडे केलं. दुपारचं ऊन कापडातून पिवळं होऊन खाली येत होतं. त्यानं आचाऱ्याकडे कागद मागितला.

"छापील जाणार आहे ना? मग तू कशाला?" आचारी कुजबुजला. "कचेरीला खरं सांगितलंस, झालं ते झालं. बहिणीपुरता तरी ताप असू दे रे. तिला एकच भाऊ ना?"

त्याच्या मनात आलं, खरंच, किती सोपं आहे. ताई विश्वास ठेवील. ताई तर त्याच्या कपाळावर हात ठेवून म्हणेल, पोरा, तेव्हा तू तापानं फणफणत होतास, तुझा काय दोष. सगळ्या जगात तीच एक असं म्हणेल आणि मनापासून म्हणेल. आचाऱ्यानं कागद दिला, पेन्सिलही दिली, आणि तंबूच्या कापडाकडे बघत बसला, हा त्याच्या परीनं फार मोठा त्याग होता.

त्यानं लिहिलं: ताई, दाजी पळाले नाहीत. ते मला शोधायला आले होते, मला हाका मारत होते, आणि मला त्या ऐकू येत होत्या. इथवर हात झरझर चालला. पुढचं वाक्य लिहायला त्याला दुपारचा चहा येऊन निवून जाईपर्यंत वेळ लागला, आणि ते चारच शब्दांचं होतं. मी ओ दिली नाही.